‘डबल ड्रॅगन’ आणि भावालाच लागणारा ठोसा

व्हिडिओ गेमवरून काढलेला सिनेमा वाईटच असतो असा एक समज आहे, आणि तो रुजवण्यात तीन वर्षांचा फार मोठा हात आहे. मे १९९३ मध्ये ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ आला, नोव्हेंबर १९९४ मध्ये ‘डबल ड्रॅगन’, त्याच वर्षी डिसेंबरात ‘स्ट्रीट फायटर’ आणि ऑगस्ट १९९५ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’. टीकाकारांनी चौघांपैकी कुणालाच फारसं गोंजारलं नाही. पण या चारांत सगळ्यात वाईट आपटला तो ‘डबल ड्रॅगन’. अमेरिकेत त्याची सगळी मिळून कमाई सुमारे २३ लाख डॉलर. हॉलिवूडच्या हिशोबात हे म्हणजे पार्किंगचे पैसे सुटले तरी नशीब.

त्याला नावं ठेवणाऱ्यांची यादी ठरलेली आहे. विनोद पाचकळ, अभिनय भडक, खलनायकाचे ते पिवळेधम्मक उभे केस... सगळं मान्य. पण पाचकळ विनोदामुळे मुलांचा सिनेमा वाया जात नाही हो, उलट मुलांना तेच आवडतं! माझी तक्रार वेगळी आहे. हा सिनेमा एका अगदी बारीक ठिकाणी घसरला. ते ठिकाण नीट पाहिलं तर कळतं, की ‘मुलांसाठी’ म्हणून आपण जे काही करतो त्यात नेमकं काय कापून टाकतो.

आधी गेमबद्दल थोडं, कारण त्याशिवाय मुद्दा कळायचा नाही.

जपानच्या टेक्नोस कंपनीने १९८७ साली ‘डबल ड्रॅगन’ आर्केडमध्ये आणला. करणारा योशिहिसा किशिमोतो. आदल्याच वर्षी त्याने शाळकरी पोरांच्या मारामाऱ्यांवर ‘कुनिओ-कुन’ नावाचा गेम केला होता, आणि तो म्हणे बराचसा त्याच्या स्वतःच्या शाळेतल्या दिवसांवरून. ‘डबल ड्रॅगन’मध्ये त्याने ब्रूस लीची भक्ती ओतली. हीरो दोन भाऊ, बिली ली आणि जिमी ली. आडनाव कुठून आलं ते सांगायला नको. गेममधल्या गुंडांपैकी दोघांची नावं विल्यम्स आणि रोपर, ती सरळ ‘एंटर द ड्रॅगन’मधून उचललेली.

गोष्ट दहा सेकंदांत संपते. रस्त्यावर मॅरियन उभी आहे. गुंड येतात, एकजण तिच्या पोटात ठोसा मारतो, तिला खांद्यावर टाकतो आणि निघतो. मागच्या गॅरेजचं शटर वर जातं, आत गाडी दिसते आणि दोन भाऊ बाहेर येतात. बस्स. एक शब्द नाही, काही समजावणं नाही. पुढे डावीकडून उजवीकडे चालत जायचं आणि वाटेत येईल त्याला बडवायचं.

दोन माणसं शेजारी उभी राहून एकाच वेळी, एकाच पडद्यावर, एकाच बाजूने खेळणार हे या गेमचं खरं आकर्षण होतं. आणि त्यात एक फार खोडसाळ गोष्ट होती. तुमचा ठोसा कुणाला लागायचा हे बघत नसे! गुंडाला लागायचा तसाच शेजारी उभ्या भावालाही लागायचा. म्हणजे गर्दीत तुम्ही मागच्या गुंडाला कोपर मारायला जाता आणि नेमका तेव्हाच जिमी मध्ये येतो. मग पडद्यावरचा जिमी आडवा, आणि पडद्याबाहेरचा जिमी तुमच्या बरगडीत कोपर मारून हिशोब चुकता करतो :)

त्यावर कडी म्हणजे शेवट. टोळीचा म्होरक्या मशिनगन घेऊन येतो, त्याला तुम्ही दोघं मिळून हरवता. आता मॅरियन सुटली म्हणायचं, तर गेम संपतच नाही. दोघंही जिवंत असाल तर आता एकमेकांशी लढा, जिंकेल त्याची मॅरियन. एवढा वेळ खांद्याला खांदा लावून लढलेला शेजारचा माणूस एका क्षणात शेवटचा शत्रू होतो. आधी सूचना नाही, नंतर स्पष्टीकरण नाही.

घरगुती निन्टेन्डोवर १९८८ साली हा गेम आला तेव्हा दोघांनी एकत्र खेळायची सोयच काढून टाकली. आळीपाळीने खेळा म्हणे. पण गंमत बघा, भावाची लढाई मात्र त्यांनी ठेवली. त्या आवृत्तीत शेवटचा खलनायक दुसरा कुणी नसून जिमीच निघतो! दुसऱ्या भागात दोघं पुन्हा एकत्र आले, आणि तिथे खेळ सुरू करताना दोन प्रकार विचारायचे. ‘ए’ घेतला तर एकमेकांना मार लागत नाही, ‘बी’ घेतला तर लागतो. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला लावायच्या नकली निन्टेन्डोवर, तासाच्या भाड्याने आणलेल्या कॅसेटवर, ज्यांनी हा भाग खेळलाय त्यांना विचारून बघा. बहुतेक घरांत ‘ए’ने सुरुवात व्हायची आणि दहा मिनिटांत कुणीतरी ‘बी’ची मागणी करायचं. आणि ‘बी’ लावल्यावर काय व्हायचं? “तू मुद्दाम मारलंस!” “नाही रे, चुकून लागलं!” “चुकून तीनदा?” गेममधल्या गुंडांना मग कुणी विचारत नसे.

हे सगळं एवढं लांबण लावून सांगतोय, कारण ‘डबल ड्रॅगन’ म्हणजे हेच आहे. नावं, कपडे, ड्रॅगनचं चित्र हे सगळं वरचं. आत एकच नियम होता: जो हात मदत करतो तोच हात लागतोही, आणि सांभाळायची जबाबदारी तुमची.

माझा धंदा सॉफ्टवेअरचा. त्यात जुनी सिस्टिम नव्या प्लॅटफॉर्मवर न्यायचं काम दर दोन-चार वर्षांनी नशिबी येतंच. सुरुवातीला एक यादी होते: किती स्क्रीन, किती रिपोर्ट, कुठली बटणं. यादीतलं सगळं नव्या सिस्टिममध्ये येतं, टिक-मार्क होतात, सह्या होतात. आणि पहिल्याच दिवशी वापरणारे ओरडतात, “जुन्यात जे व्हायचं ते यात होत नाही!” काय व्हायचं, ते त्यांनाही धड सांगता येत नाही, कारण ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नसतं. कधी कधी तर तो मूळ सिस्टिममधला बग असतो आणि लोकांनी त्यालाच काम जोडलेलं असतं. ‘डबल ड्रॅगन’च्याच तिसऱ्या भागात निन्टेन्डोवर दोघांचा खेळ निवडला की सुरुवातीच्या मजकुरात बिलीचं नाव चुकून ‘बिमी’ असं छापून यायचं. (हीरोचं नाव चुकलंय आणि टेस्टिंगमध्ये कुणाला दिसलं नाही. आपल्या व्यवसायबंधूंना दंडवत!) चाहत्यांनी त्या बिमीला इतकं डोक्यावर घेतलं, की २०१२ च्या ‘डबल ड्रॅगन निऑन’मध्ये बिमी नावाचं खरंच एक पात्र आलं.

तर सिनेमावाल्यांनीही अशीच यादी केली असणार. दोन भाऊ? आहेत. मॅरियन? आहे. धिप्पाड अबोबो? आहे. निळे-लाल कपडे? शेवटी येतात. एका पाठलागात तर चक्क ‘डबल ड्रॅगन’चं आर्केड मशीनच दिसतं. सगळ्या खुणा झाल्या.

आणि खरं सांगायचं तर यादीबाहेरचंही काही त्यांनी छान केलंय. सिनेमाचा काळ २००७, म्हणजे तेव्हाचं भविष्य. मोठ्या भूकंपाने लॉस एंजेलिस उद्ध्वस्त झालंय, त्याचं झालंय ‘न्यू एंजेलिस’. रस्त्यांच्या जागी पाणी साचलंय. पोलिसांनी टोळ्यांशी तह केलाय, दिवस आमचा, रात्र तुमची. आणि टीव्हीवर मात्र बातम्या देणारे दोघं दात दाखवत हसतायत. व्हॅना व्हाइट आणि जॉर्ज हॅमिल्टन यांनी त्या भूमिका स्वतःच्याच नावाने केल्यात.

हे पोरकट वाटतं, पण ते हवेतून आलेलं नाही. १९९२ साली लॉस एंजेलिस दंगलींत जळलं होतं. पोलीस नेमके कुणाचे आणि रात्री रस्ता कुणाचा, हे तिथले खरे प्रश्न होते. आणि १७ जानेवारी १९९४ ला नॉर्थरिजचा भूकंप झाला. म्हणजे सिनेमा थिएटरात पोचला तेव्हा कोसळलेले फ्लायओव्हर तिथल्या मुलांनी बातम्यांत पाहून झाले होते. एका शहराची खरीखुरी भीती घेऊन तिचं रंगीबेरंगी कार्टून करायचं, हे मुलांच्या सिनेमाने करण्यासारखंच काम आहे. गंमत म्हणजे चित्रीकरणाचा बराच भाग लॉस एंजेलिसमध्ये नव्हे तर ओहायोतल्या क्लीव्हलंडमध्ये झाला. बोटींच्या पाठलागातला तो भला मोठा स्फोट तिथल्या कायाहोगा नदीवरचा. ही तीच नदी, जी घाण आणि तेलामुळे १९६९ साली खरोखर पेटली होती आणि अमेरिकेत पाण्याच्या प्रदूषणावर कायदे व्हायला एक निमित्त झाली. उद्ध्वस्त भविष्य दाखवायला याहून चांगली जागा कुठे मिळणार?

दुसरी चांगली गोष्ट मॅरियन. गेममध्ये तिला पहिल्या दहा सेकंदांत पोटात ठोसा बसतो आणि नंतर ती बक्षीस म्हणून मिळते. सिनेमातली मॅरियन (अलिसा मिलानो) ‘पॉवर कोअर’ नावाच्या पोरापोरींच्या दलाची पुढारी आहे. टोळ्यांविरुद्ध ती स्वतःच लढते, हीरोंनाच वाचवते. गेममधली ती बाब कुणी कितीही प्रेमाने आठवली तरी वाईटच होती. ती सिनेमाने दुरुस्त केली. इथे शंभर टक्के गुण.

कामं करणारेही कच्चे नव्हते. जिमी झालेला मार्क डकॅस्कोस मार्शल आर्ट्स शिकवणाऱ्या घरात वाढलेला. पुढे २०१९ च्या तिसऱ्या ‘जॉन विक’मध्ये त्याने किआनू रीव्ह्जला चांगलंच पळवलं. बिलीचं काम स्कॉट वुल्फचं. खलनायक रॉबर्ट पॅट्रिक म्हणजे ‘टर्मिनेटर २’मधला वितळणारा पोलीस. कथा लिहिणाऱ्यांत पॉल डिनी (कार्टूनमधल्या बॅटमनचा मोठा लेखक) आणि पटकथाकारांत पीटर गूल्ड, जो पुढे ‘बेटर कॉल सॉल’च्या दोन निर्मात्यांपैकी एक झाला. एवढी मंडळी असून घसरले कुठे?

सिनेमात एक जादूचं लॉकेट आहे, दोन तुकडे झालेलं. एक तुकडा या भावांकडे, म्हणजे त्यांना सांभाळणाऱ्या सातोरीकडून आलेला. दुसरा खलनायक कोगा शुकोकडे. त्याच्या तुकड्यामुळे तो सावली होऊन दुसऱ्याच्या अंगात शिरू शकतो. दोन तुकडे जुळले की अफाट ताकद. म्हणजे बघा, दोन भाऊ आणि दोन तुकडे. एक भाऊ ताकदीचा, मन लावून लढणारा, दुसरा तोंडाळ, निष्काळजी. गेमच्या शेवटासाठी याहून चांगली तयारी काय हवी? मॅरियनवरून भांडायची गरजच नाही. वस्तू आहे, लोभ आहे, दोघांत कुरबूर आधीपासून आहे. आता एवढाच प्रश्न, की लॉकेट हातात आल्यावर भाऊ भावाशी कसा वागेल?

हा प्रश्न सिनेमा विचारतच नाही. भावाभावांची लढाई आहे, नाही असं नाही. पण ती कशी? शुको जिमीच्या अंगात शिरतो आणि मग ‘जिमी’ बिलीला मारतो. म्हणजे मारणारा जिमी नव्हेच! हात जिमीचा, पाप शुकोचं. शुको बाहेर पडला की जिमी स्वच्छ. माफी मागायला नको, रुसवा काढायला नको, काही आठवायलाही नको. लॉकेट जुळतं, निळे-लाल कपडे येतात, टाळ्या.

तीच लढाई, तेच दोन भाऊ, पण अर्थ नेमका उलटा. गेम म्हणत होता, हात तुझा आहे, लागला तर तूच मारलास. सिनेमा म्हणतो, तू कशाला मारशील बाळा, कुणीतरी तुझ्या अंगात आलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, अहो मुलांचा सिनेमा आहे, त्यात भाऊ भावावर उठलेला कसा दाखवायचा? अमेरिकेत आधीच पीजी-१३ शिक्का बसला होता. ठीक आहे. पण लहान मुलांना हे झेपत नाही ही समजूतच मला पटत नाही. आपल्याकडे आजी चार वर्षांच्या नातवाला मांडीवर घेऊन वाली-सुग्रीवाची गोष्ट सांगते. सख्खे भाऊ, गैरसमज, राज्य, बायको, मारामारी, सगळं असतं त्यात. कुणी कुणाच्या अंगात शिरत नाही. कौरव-पांडव तर सोडाच. नातू झोपायच्या आधी दोन अवघड प्रश्न विचारतो, आजी तिला जमतील तशी उत्तरं देते. मुलाचं काही बिघडत नाही. उलट दुसऱ्या दिवशी धाकट्या बहिणीला ढकलताना त्याच्या डोक्यात कुठेतरी ती गोष्ट असते. नाही म्हणजे ढकलतोच, पण असते :)

दुसरा आक्षेप जास्त दमदार आहे. गेममधली ती शेवटची मारामारी म्हणजे काही थोर नीतिकथा नव्हती, आणखी नाणी गिळायची आर्केडची युक्ती असेल. असेलही. माझा दावा किशिमोतोला तत्त्वज्ञ ठरवायचा नाही. जुन्या सिस्टिममधला तो बग कुणाच्या मनात काय होतं म्हणून महत्त्वाचा नसतो, वापरणाऱ्यांनी त्याच्याशी काय केलं म्हणून असतो. आणि वापरणाऱ्या पोरांनी त्या नियमातून काय काय शिकून घेतलं! जोडीदारापासून चार पावलं लांब उभं राहायचं. तो पडला की आपण गुंडांना अडवायचं. चुकून लागलं तर लगेच ‘सॉरी’ म्हणायचं, नाहीतर पुढच्या मिनिटाला बदला ठरलेला. हे कुणी शिकवलं नाही, नियमाने शिकवलं.

‘मॉर्टल कॉम्बॅट’ त्यातल्या त्यात का चालला, तर त्याने गेमचा नियमच कथेचा कणा केला: स्पर्धा आहे, एकावेळी दोघं लढणार, हरला तो बाद. अलीकडचं उदाहरण घ्यायचं तर २०१७ चा ‘जुमांजी’. तो कुठल्या खऱ्या गेमवरून नाही, पण प्रत्येकाच्या हातावर तीन रेघा, म्हणजे तीन जीव, आणि एक एक कमी होत जातो. एवढ्या एका नियमावर अर्ध्या सिनेमाची गंमत आणि भीती उभी आहे. आठ वर्षांच्या पोरालाही ते समजावावं लागत नाही. ‘डबल ड्रॅगन’कडे तसाच एक नियम तयार होता. तो यादीत नव्हता, म्हणून राहून गेला.

याचा पुढचा अंक आणखी मजेशीर आहे. १९९५ मध्ये टेक्नोसने सिनेमाचा थोडाफार आधार घेऊन निओ-जिओसाठी नवा ‘डबल ड्रॅगन’ गेम काढला. गेमवरून सिनेमा, सिनेमावरून गेम! त्यात शेवटचा खलनायक कोगा शुको. आणि प्रकार कुठला, तर समोरासमोर उभं राहून एकाने एकाशी लढायचं. म्हणजे बरोबर चालणं गेलंच. १९९६ मध्ये टेक्नोसचं दिवाळं निघालं.

हा जुना विषय आज उकरून काढण्याचं कारण म्हणजे हा प्रश्न संपलेला नाही. आज कित्येक गेममध्ये जोडीदाराला मार लागणं बंदच असतं. त्यामागे कारणं आहेत, अनोळखी लोक इंटरनेटवर त्रास देतात, हे मला कळतं. पण एका घरातली दोन मुलं शेजारी बसून खेळत असतील तर? ‘माइनक्राफ्ट’मध्ये भाऊ बहिणीवर तलवार चालवू शकतो, तिने दोन तास खपून बांधलेलं घर फोडू शकतो. तिथे घरोघरी रडारड होते आणि आईबाप पहिलं काम करतात ते म्हणजे सेटिंग शोधून ते बंद करणं. रडं थांबतं, खरंय. पण त्याबरोबर ‘मी घर फोडलं, आता मलाच परत बांधून द्यायला हवं’ हेही थांबतं. ती गोष्ट सेटिंगमधून परत सुरू करता येत नाही.

रोज रात्री कामावरून दमून येणाऱ्या आईबापांना मी ‘भांडू द्या त्यांना’ असा सल्ला देणार नाही. प्रत्येक घराची ताकद वेगळी, मुलांची वयं वेगळी. म्हणणं एवढंच, की भांडण बंद करणं आणि भांडणातली जबाबदारी बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘डबल ड्रॅगन’च्या सिनेमाने पहिलीच्या नावाखाली दुसरी केली, आणि मुलांसाठीच्या कितीतरी गोष्टी अजून तेच करतात. दोष द्यायला कायम बाहेरचा कुणीतरी राक्षस तयार असतो.

असो. सिनेमा मिळाला तर मुलांबरोबर जरूर बघा. दीड तास मजेत जातो, बातम्या देणाऱ्या त्या दोघांवर तुम्ही मुलांपेक्षा जास्त हसाल. जिमी बिलीला मारतो तिथे थांबवून मुलांना एकदा विचारा, “आता हा नंतर सॉरी म्हणेल का?” आणि मग जुना गेम शोधून लावून द्या, दुसरा भाग, दोघांचा. ‘ए’ की ‘बी’ ते त्यांचं त्यांना ठरवू दे.